नोंदणी खुली झाली. मोजणी कोण करणार?

शहरांच्या हद्दीतील गुंठा-दोन गुंठ्यांच्या भूखंडांच्या पायांत अडकलेली तुकडेबंदीची बेडी महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात अध्यादेश काढून तोडली, ह्याबद्दल सरकारचे अभिनंदन करणे आम्हांस उचित वाटते. १५ नोव्हेंबर १९६५ पासून १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेले असे व्यवहार कोणतेही अधिमूल्य न घेता नियमित मानावयाचे, सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात वर्षानुवर्षे लटकत राहिलेली खरेदीदारांची नावे कब्जेदार सदरी आणावयाची, आणि ज्यांच्याजवळ केवळ नोटरीचा कागद आहे त्यांस मुद्रांक शुल्क भरून रीतसर दस्त नोंदविण्याची मुभा द्यावयाची, असा ह्या निर्णयाचा आशय आहे. नांदेड आणि लातूर ह्या दोन शहरांत ज्याच्या नात्यागोत्यात असा एकही कागद नाही असे कुटुंब शोधूनच काढावे लागेल. तेव्हा ह्या निर्णयाने लोकांस हायसे वाटले असल्यास नवल नाही. परंतु उघडलेले दार दुय्यम निबंधकाच्या कचेरीचे आहे. मालकीचे दार त्याच्या पलीकडे, आणखी तीन कचेऱ्या ओलांडून आहे, आणि त्याची किल्ली अद्याप कोणाच्याच हाती दिसत नाही.

मूळ कायदा १९४७ चा. शेतीचे तुकडे पडत पडत बांधच अधिक आणि वावर कमी अशी स्थिती होऊ नये, हा त्याचा हेतू. आणि तो चांगलाच होता. पण शेताच्या रक्षणासाठी घातलेले हे कुंपण शहराच्या वेशीवरही तसेच उभे राहिले. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो गुंठा, हे कोष्टक आम्ही एके काळी वर्गात मुलांकडून घोकून घेत असू. त्या मुलांपैकी कित्येकांस पुढे आयुष्यभराच्या कमाईतून त्यातला एक गुंठाच काय तो घेता आला, काहींस अर्धाच. आडत बाजारातील हमाल, एस. टी.चा वाहक, विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, मुलांच्या शिकवणीसाठी गाव सोडून लातुरात आलेले कोरडवाहू शेतकऱ्याचे कुटुंब, ह्यांना राहावयास हजार चौरस फूट पुष्कळ होतात. कायदा मात्र त्यांस सांगत होता की जिरायत जमीन वीस गुंठ्यांच्या आत विकता येणार नाही. आणि वीसचा हा आकडाही २०२३ मध्ये ठरला, त्यापूर्वी तो बहुतेक ठिकाणी ह्याहून मोठा होता. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, ह्याचे ह्याहून चोख उदाहरण सरकारी दप्तरांतही क्वचितच सापडेल.

माणसे मात्र कायद्यासाठी थांबली नाहीत. नांदेडची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांच्या वर होती, ती २०११ मध्ये साडेपाच लाखांवर गेली. लातूर त्याच दहा वर्षांत तीन लाखांवरून पावणेचार लाखांपलीकडे पोचले. ही वाढलेली माणसे कोठे राहिली? मंजूर रेखांकनातील भूखंड त्यांच्या आवाक्यात नव्हता, आणि आवाक्यात येईल अशी जमीन नगरपालिकांनी वा पुढे महापालिकांनी कधी मुबलक खुली केली नाही. नव्या नांदेडात सिडकोने वसाहत आखून दिली, तेवढा एक अपवाद सांगता येईल. बाकी सारे शहर शेजारच्या गावांच्या शिवारांत, शेतकऱ्याचा इसार आणि दलालाची फक्की ह्यांच्या आधाराने पसरत गेले. एका एकराच्या वावरात पांढऱ्या रेघा ओढावयाच्या, खुंट्या ठोकावयाच्या, मध्ये बैलगाडी जाईल एवढी बोळ सोडावयाची आणि तिला रस्ता म्हणावयाचे, की झाली नगररचना!

ह्या व्यवहारांस पायबंद घालावयाचा म्हणून नोंदणी विभागाने १२ जुलै २०२१ रोजी परिपत्रक काढून मंजूर रेखांकनाशिवाय गुंठा-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदविण्यास मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. मधल्या काळात काय झाले, आणि त्यापूर्वीही दस्त नाकारले जात तेव्हा काय होत असे, हे समजून घेणे अगत्याचे आहे; कारण सगळ्या दुखण्याचे मूळ तेथे आहे. दस्त नोंदला जात नाही म्हणून जमिनीची विक्री थांबत नाही. ती शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरापासून पाचशेच्या. वर नोटरीचा शिक्का, सोबत एक ताबापावती, एक मुखत्यारपत्र. कोणी अधिक सावध असला तर नऊ-दहा जण मिळून एका खताने दहा-अकरा गुंठे घेतात आणि सातबारावर सगळ्यांची नावे सामाईक लावतात. कोणाचा तुकडा कोणता, हे मग केवळ तोंडी. आता, नोंदलेला दस्त असता तर तो सूची क्रमांक दोनमध्ये उमटला असता, आणि पुढचा गिऱ्हाईक शोध घेऊ लागताच त्यास कळले असते की हा प्लॉट विकला गेला आहे. नोटरीचा कागद कोणत्याही सूचीत उमटत नाही. तेव्हा एकच प्लॉट सकाळी एकास आणि संध्याकाळी दुसऱ्यास विकण्यास दलालाला कोणतीही हरकत उरली नाही. मनाईने प्लॉटची विक्री बंद झाली नाही. त्याची दोनदा विक्री मात्र सुलभ झाली.

दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी नाही, आणि ती तशी नाही हे लोकांस कोणी नीट सांगतही नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे निबंधक नोंदवितो तो कागद; विकणाऱ्यास विकण्याचा हक्क होता किंवा नव्हता, हे तपासण्याचे काम त्याचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये तामिळनाडूच्या आणि बिहारच्या नोंदणी नियमांवरील दोन खटल्यांत हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली. विक्रेत्याने आपली मालकी दाखविल्याखेरीज दस्त घेणार नाही, असे निबंधकास म्हणता यावयाचे नाही. बरे, मग मालकी लिहिलेली कोठे असते? सातबारावर? तो मुळात महसुलाचा कागद. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची, एवढेच १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते. मिळकत पत्रिकेवर? ती नगर भूमापन झालेल्या भागापुरतीच, आणि नव्या वस्त्यांपैकी पुष्कळशा त्या रेषेबाहेर आहेत. महापालिकेच्या कर-पावतीवर? कराच्या पावतीने मालकी ठरत नाही, हे कायद्याचे म्हणणे. मात्र त्याच घरावर अवैध बांधकामाची शास्ती लावून ती वसूल करण्यास महापालिकेस काही अडचण पडत नाही. अशा रीतीने निबंधक, तलाठी, भूमी अभिलेख आणि महापालिका ह्या चार कचेऱ्यांत एकाच घराची चार निरनिराळी चरित्रे लिहिलेली असतात. आणि घरात राहणारा मनुष्य ह्या चारींच्या पायऱ्या झिजवीत ती एकमेकांशी जुळविण्याचा खटाटोप करीत असतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून संगणकाने फेरफाराची सूचना तलाठ्याकडे आपोआप जाते, हे खरे. पण ज्या तुकड्यास स्वतंत्र हद्द नाही, नकाशा नाही, त्याचा फेरफार संगणकाने तरी कसा व्हावा?

मराठवाड्यात ह्या गुंतागुंतीला आणखी एक पदर आहे. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा झाला; तो आपल्याकडे लागू नव्हता. मात्र त्याच सुमारास, १९१७ मध्ये, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली गंजगोलाई लातुरात उभी राहिली. मध्ये गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते! कोणत्या मालाची पेठ कोणत्या रस्त्यावर, हे ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी ठरविता आले, त्याच गावाच्या आजच्या कडेला रुग्णवाहिका वळेल एवढा रस्ता सुटू नये, ह्याचे आम्हांस राहून राहून वैषम्य वाटते. ते असो. जमिनीच्या कागदांची गोष्ट अशी की आपले जुने अभिलेख उर्दूत, काही मोडीत. मुन्तखब, सेतवार, खासरा पाहणी ही नावे पुण्याकडच्या वकिलास अपरिचित. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही जुनी दप्तरे उघडली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्या माणसांची गरज सरकारच्या ध्यानात आली. जातीच्या दाखल्यासाठी जी दप्तरे वाचता आली, ती जमिनीच्या मालकीसाठीही वाचता येतील. खिदमतमाश, मदतमाश ह्या इनामी जमिनींवर शहरे कधीच चढली आहेत. इनामे १९५४ च्या हैदराबाद कायद्याने गेली. जमिनींवरचा ‘वर्ग दोन’चा शेरा मात्र राहिला. प्लॉट घेणाऱ्याने तो शेरा पाहिलेला नसतो, आणि दलालाने दाखविलेला नसतो. २०२५ च्या अध्यादेशाने तुकडेबंदीचा अडसर गेला, तरी हा शेरा तेथेच आहे.

सरकारने स्वतः दिलेल्या घरांचे तरी काय झाले, हे लातूर जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या घरात माणसे मेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि हे काम देशात नावाजलेही गेले. घरे मिळाली, पण त्या घरांच्या कबाल्यांसाठी कित्येक कुटुंबांना पुढे वर्षानुवर्षे कचेऱ्यांत चकरा माराव्या लागल्या. देणारे सरकार, घेणारा ठाऊक, जमीन सरकारनेच संपादन केलेली, दलाल कोठेही नाही. तरी कागद मागे राहिला. मग जेथे शेतकरी, दलाल, मुखत्यार आणि तिसऱ्या हाताचा खरेदीदार अशी साखळी आहे, तेथे केवळ अध्यादेशाच्या बळावर कागद पुढे धावेल, अशी आशा कशी धरावी?

आमच्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. समजा, एका हमालाने १९९५ साली नांदेडात एक गुंठा नोटरीच्या कागदावर घेतला. पैसे चुकते केले, पत्र्याचे घर बांधले, पुढे त्यावर स्लॅब टाकला, वीज घेतली, कर भरला, मुलीची लग्ने त्याच अंगणात केली. आज सरकार म्हणते, ये, दस्त नोंदव. दस्त नोंदवावयाचा तर विकणाऱ्याची सही हवी. विकणारा शेतकरी वारला. त्याचे दोन मुलगे, तीन मुली, मुलग्यांची मुले. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून मुलींनाही वडिलार्जित जमिनीत समान हक्क आहे, आणि तो असावाच. म्हणजे सह्या सात-आठ. त्या काळी काही हजारांस विकलेल्या गुंठ्यास आज लाखोंचे मोल आहे, हे वारसांस कळते. कोणी म्हणतो, वडिलांनी विकला हे आम्हांस माहीत नाही. कोणी म्हणतो, माझ्या हिश्शाचे पुन्हा द्या. न्यायालयात जावे, तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगून ठेवले आहे की मुखत्यारपत्राने आणि कराराने मालकी हस्तांतरित होत नाही. आणि ताबा घेतलेल्या खरेदीदारास मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ खाली मिळणारे संरक्षणही २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत करारासच उरले आहे. म्हणजे ज्याला नोंदणी नाकारली, त्यालाच नोंदणी का केली नाहीस असे विचारावयाचे! २०२५ च्या सवलतीचा लाभ सहज मिळेल तो ज्याचा विकणारा जिवंत आहे, जवळ आहे आणि प्रामाणिक आहे त्याला. ज्याला खरी गरज आहे तो दारातच उभा राहील.

ह्यावर उपाय कायद्यानेच करावा लागेल, आणि तो करता येण्याजोगा आहे. ठरावीक दिनांकापूर्वीचा कागद, बारा वर्षांचा उघड आणि अखंड ताबा, कराच्या आणि विजेच्या पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब, एवढा पुरावा असेल तेथे उपविभागीय अधिकाऱ्याने वारसांस नोटिसा काढाव्या, वस्तीत जाहीर फलक लावावा, सहा महिने हरकती ऐकाव्या आणि त्यानंतर काढलेला आदेश हाच नोंदणीयोग्य दस्त समजावा. ज्यास हा आदेश अमान्य असेल त्याला दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी ठेवावी. पण तोवर राहत्या माणसाचे नाव लागलेले असावे. ह्यात वारसांवर अन्याय होतो असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्या वडिलांस जमिनीची किंमत मिळालेली आहे. जेथे ती मिळाली नसेल, जेथे दलालाने शेतकऱ्यासच बुडविले असेल, तेथे हरकत ऐकण्यासाठीच ते सहा महिने आहेत.

पण ह्याहीपूर्वी करावयाची गोष्ट म्हणजे मोजणी. ज्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांचा पत्ता नाही त्याची नोंदणी म्हणजे हवेत मारलेली गाठ. कागदावर तीस फूट, जागेवर सव्वीस. शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत. रस्ता म्हणून दाखविलेली बोळ दुसऱ्याच गट क्रमांकात. हे सारे आज सुप्त आहे, कारण सगळ्यांचेच कागद कच्चे आहेत. उद्या सगळेच पक्के होऊ लागले म्हणजे एकेका गल्लीत दहा-दहा दावे उभे राहतील. शेजारच्या तेलंगणाने ह्याचा अनुभव घेतला आहे. त्यांचे आणि आपले अभिलेख एकाच हैदराबाद राज्याचे, खासरा पाहणीही तीच. २०२० च्या ऑक्टोबरात तेथे ‘धरणी’ नावाची संगणकीय व्यवस्था मोठ्या थाटाने सुरू झाली. जागेवर जाऊन मोजणी केली नव्हती, जुन्या चुका तशाच संगणकात शिरल्या, आणि त्या दुरुस्त करण्याचे खालच्या अधिकाऱ्यांचे हक्क मात्र काढून घेतले होते. शेतकरी आपले नाव शोधीत जिल्हाधिकाऱ्याच्या दारापर्यंत गेले. अखेर २०२५ मध्ये ‘भूभारती’ हा नवा कायदा आणून जुनी व्यवस्था गुंडाळावी लागली. चूक हाताने लिहिलेली असली तर खोडता तरी येते. यंत्रात गेलेल्या चुकीला अधिकृततेचा मुलामा चढतो.

मोजणीस पैसा लागतो, माणसे लागतात, हे आम्ही जाणतो. पण कौटुंबिक वाटणीतील पोटहिश्शांची मोजणी ह्याच सरकारने २०२५ मध्ये दोनशे रुपयांवर आणली. शेतातल्या भावाभावांस जी सवलत, ती शहरातल्या गुंठेधारकास का नसावी? एकेकाच्या अर्जाची वाट न पाहता एका गटातील सर्व तुकडे एकाच वेळी, सर्वांच्या देखत मोजले, तर खर्च थोडा आणि भांडणेही तेथल्या तेथे मिटण्याचा संभव अधिक. गावठाणांसाठी २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने मोजणी झाली. केंद्र सरकारने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘नक्शा’ ह्या नावाने शहरांसाठीही तसाच कार्यक्रम देशातील १५२ नगरांत आरंभिला. वरून घेतलेले चित्र भिंती दाखविते. कोणती भिंत कोणाची, हे वस्तीत जाऊनच विचारावे लागते. ह्या कामासाठी नांदेड आणि लातूर येथील भूमी अभिलेखाच्या कचेऱ्यांस तीन वर्षांपुरती ज्यादा भूकरमापकांची पथके द्यावी, अशी आमची मागणी आहे.

सगळेच नियमित करा, असेही आमचे म्हणणे नाही. नांदेडात गोदावरीच्या पूररेषेच्या आत पडलेले प्लॉट हे कागदाने सुरक्षित होत नाहीत. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात पाण्याने जे केले ते ताजे असताना तेथे मालकीचा दाखला देणे म्हणजे लोकांस बुडण्याचा परवाना देणे होय. तेथील कुटुंबांस दुसरी जागा द्यावी, आणि ती देताना त्यांच्याजवळचा कच्चा कागदही पुरावा म्हणून धरावा. शाळा, दवाखाना, मैदान ह्यांसाठी विकास आराखड्यात राखलेल्या जागांचा प्रश्न अधिक अवघड आहे. वीस-वीस वर्षे ज्या आरक्षणाखाली एक विटही लागली नाही ते चालू ठेवण्यात अर्थ नसेल. पण वस्तीतील शेवटचे मोकळे मैदान नियमिततेच्या लाटेत गेले, तर तीच माणसे उद्या मुलांना खेळावयास कोठे पाठवू म्हणून विचारतील.

ह्या सवलतींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच दुष्ट हेतूचे नसतात. ज्याने मंजूर रेखांकनात दुप्पट भाव देऊन प्लॉट घेतला, कर्ज काढले, त्याने मूर्खपणा केला काय? प्रश्न रास्त आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, तेव्हा १ जानेवारी २००१ ही शेवटची मुदत म्हणून सांगितली. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० वर नेली. तुकडेबंदीतील व्यवहार नियमित करण्यास २०१७ मध्ये बाजारभावाच्या पंचवीस टक्के मागितले, २०२४ मध्ये पाच टक्के, २०२५ मध्ये काहीच नाही. थांबणारा शहाणा ठरतो, आणि लगेच भरणारा फसतो, असा हा धडा सरकार लोकांस वीस-पंचवीस वर्षे देत आले आहे. वर्गात असे शिकविणाऱ्या मास्तरास शाळाखात्याने ठेवले नसते. परंतु ह्या अन्यायावर उपाय म्हणजे गरिबास पुन्हा अवैध ठरविणे नव्हे. पुढच्या मुदतवाढीची गरजच पडू नये, एवढी कायदेशीर जमीन स्वस्तात उपलब्ध करणे, हा तो उपाय. १६ ऑक्टोबर २०२४ पासून पुढे विकल्या गेलेल्या गुंठ्यांचे काय, ह्याचे उत्तर आज कोणाजवळ आहे? ते विकले जात नाहीत असे कोणी म्हणत असेल, तर त्याने औसा रस्त्याने वा मालेगाव रस्त्याने एकदा फेरफटका मारून यावे.

जमीन उपलब्ध करण्याची रीत नवी नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र आखून, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घेऊन, उरलेले आखीव भूखंड ज्याचे त्यास परत देण्याची नगररचना योजना गुजरातेत अहमदाबाद-सुरतेकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आपल्या १९६६ च्या कायद्यातही ती आहे. शेतकऱ्याची जमीन जात नाही, उलट तिचा भाव चढतो. आणि रस्ता घरे झाल्यावर पाडापाडी करून काढावा लागत नाही. ह्या योजनेत पाचशे-सहाशे चौरस फुटांचे भूखंड सक्तीने राखून ठेवले, तर दलालाची फक्की आपोआप पुसली जाईल. नांदेडने २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने थोड्या वर्षांत रस्ते, पूल, घाट उभारून दाखविले. शहरास वेळेचे बंधन पडले की कामे होतात, हे तेव्हा दिसले. त्या कामांस केंद्राचा पैसा होता. ह्या कामास पैसा त्यामानाने थोडा आणि चिकाटी फार लागेल.

मालकीचा कागद हाती आला म्हणजे बँका दारात येतील, अशी भुरळही कोणी घालू नये. पेरू देशात १९९६ पासून लिमा आणि इतर शहरांतील दहा लाखांहून अधिक कुटुंबांस मालकीपत्रे देण्यात आली. खाजगी बँकांनी त्यावर फारसे कर्ज दिले नाही, असे अभ्यासकांस आढळले. दुसरी एक गोष्ट मात्र त्यांस दिसली: घरावर कोणी कब्जा करील ह्या धास्तीने एक माणूस सतत घरी ठेवावा लागत असे, ते थांबले आणि घरची माणसे बाहेर कामास जाऊ लागली. आमच्या वस्त्यांत दिवसभर दाराशी बसून राहणारी म्हातारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधण्यास मदत मिळवावयाची तर जागेच्या मालकीचा कागद लागतोच; तो नसल्यामुळे पत्र्याखाली राहणारा पात्र असूनही बाहेर राहतो.

दोन बाबी तातडीच्या आहेत, त्या मुंबईहून निघणाऱ्या एका आदेशानेही साधण्यासारख्या आहेत. महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, अधिभार आणि नोंदणी फी मिळून किमतीच्या सात टक्क्यांच्या घरात खर्च जातो. तो आजच्या मूल्यदर तक्त्याप्रमाणे आकारला, तर पंधरा लाखांच्या ठरणाऱ्या गुंठ्यास लाखभर रुपये पडतील. १९९५ साली पंधरा हजारांस घेतलेला प्लॉट नोंदविण्यासाठी त्याच्या मूळ किमतीच्या सातपट! आकारणी व्यवहार झाला त्या वर्षाच्या मूल्यावर व्हावी, आणि राहत्या एका गुंठ्यापर्यंत ती नाममात्र असावी. दुसरी बाब स्त्रियांची. एकट्या स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सूट २०२१ पासून आहे; पतीपत्नींच्या जोडनावास ती नाही. ह्या कच्च्या कागदांवर बहुतेक ठिकाणी नाव एकट्या पुरुषाचे आहे, आणि पैसे मात्र दोघांच्या मजुरीचे. नवा दस्त होताना पत्नीचे नाव लावणाऱ्यास पूर्ण सूट द्यावी.

२०२६ च्या जानेवारीत दोन्ही महापालिकांच्या निवडणुका झाल्या आहेत. आपापल्या प्रभागात कोणत्या गट क्रमांकांत गुंठेवारी आहे, किती घरे आहेत, कोणती पूररेषेत, कोणती आरक्षणावर, कोणती इनामी जमिनीवर, ह्याच्या याद्या नव्या सदस्यांनी आयुक्तांकडून मागवून घ्याव्या आणि त्या वस्तीच्या चौकात मराठीत आणि जेथे गरज असेल तेथे उर्दूतही लावाव्या. कर वसूल करण्यापुरती ही माहिती महापालिकेच्या वहीत घरागणिक लिहिलेली आहे.